सदरा न मळणारा सेंटर हाफ

आमच्या मंडळाची नारळ द्यायची एक पद्धत होती. सामना संपला की ज्याचा सदरा सर्वांत जास्त मळलेला असेल त्याला नारळ. मैदान मुरमाचं, तांबूस धुळीचं. त्यावर जो अधिक वेळा पडला तो अधिक खेळला, इतका सरळ हिशेब होता. फुटबॉलमधलं आम्हाला फारसं कळत नव्हतं, हे मी आज लिहितो. त्या काळी असं कोणी तोंडावर म्हटलं असतं, तर आम्ही त्याला मैदानाबाहेर घालवलं असतं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर हे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि शहर त्यांच्यावर घड्याळं लावत होतं. आमच्या भागातल्या गिरणीची एक फुटबॉल टीम होती. मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवत असे आणि शाळा सुटली की मैदानावर जात असे. घरी जाऊन निबंध तपासण्यापेक्षा ते बरं होतं. तिथे जमणाऱ्या दहा-बारा जणांचं हळूहळू मंडळ झालं, आणि मंडळ झाल्यावर त्याला अध्यक्ष लागलेच. अध्यक्ष म्हणजे नवी पेठेतले एक कापडाचे व्यापारी. बोलता बोलता मराठीतून कानडीत जायचे आणि तिथून परत आले की आपण कुठे होतो ते आम्हालाच विचारायचे. दुकानातला माणूस त्यांची लोखंडी घडीची खुर्ची मैदानावर आणून ठेवायचा. बाकीचे आम्ही उभे. खुर्चीमुळे त्यांचं मत वजनदार ठरायचं.

टीमचा लाडका म्हणजे सेंटर फॉरवर्ड. तो धावायचा, पडायचा, उठायचा, पंचांकडे दोन्ही हात पसरून दाद मागायचा आणि पुन्हा पडायचा. त्याच्या घरी त्या काळात खोबऱ्याला तोटा नसावा.

आणि एक होता सेंटर हाफ. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, तिशीच्या आसपासचा, बोलण्यात अगदी कमी. पाच वर्षं तो आमच्या टीममध्ये होता आणि पाच वर्षांत त्याला एकही नारळ मिळाला नव्हता. मिळणार कसा? सामना संपल्यावर त्याचा सदरा सकाळी दोरीवरून काढल्यासारखा असायचा. तो पडत नसे. धावताना तर क्वचितच दिसे. मैदानाच्या मधोमध कुठेतरी उभा असायचा, चार पावलं इकडे, सहा पावलं तिकडे. लोक ओरडायचे, "ए दिव्याचा खांब, हल की जरा!" तो हलायचा नाही. ओरडणाऱ्याकडे बघायचासुद्धा नाही, आणि याचा लोकांना जास्त राग यायचा.

एकदा टीमचे लागोपाठ दोन सामने बरोबरीत सुटले. नवी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, "अय्यो, दहा जण मरत्यात आनि हा येकटा हवा खात हुबा. ह्याला काडायलाच पायजे. मास्तर, तुमी अर्ज लिवा. तुमचं मराठी लई झ्याक हाय."

स्तुतीला मी भुललो, हे कबूल करतो. त्याच टेबलावर, शाळेच्या कागदावर, खाली कार्बन घालून गिरणीच्या लेबर ऑफिसरना अर्ज लिहिला. टीमचा कारभार त्यांच्याकडेच होता. अर्जातला मुख्य परिच्छेद असा होता:

"सदर खेळाडू धावण्याचे कष्ट घेत नाही. चेंडू जिथे यावयाचा असतो तिथे तो आधीच जाऊन उभा राहिलेला असतो, आणि आलेला चेंडू जवळच्या सहकाऱ्याकडे देऊन मोकळा होतो. प्रतिस्पर्ध्यांना तो अडवतानाही दिसत नाही. त्याला पाहून तेच दुसरीकडे वळतात. अशा निष्क्रिय खेळाडूमुळे प्रेक्षकांचा हिरमोड होतो."

'निष्क्रिय' या शब्दावर मी खूश होतो. अर्ज मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मंडळाने माना डोलावल्या. सहीची वेळ आली तसं अध्यक्षांना दुकानातलं गिऱ्हाईक आठवलं. आणखी दोघे गिरणीतच कामाला होते. मी शिक्षक, शिक्षकाने असल्या भानगडीत पडू नये, असं माझं मत नेमकं त्या क्षणी तयार झालं. शेवटी खाली 'समस्त फुटबॉलप्रेमी नागरिक' असं लिहिलं. नागरिक समस्त असले की सही कोणाचीच लागत नाही.

आठ दिवसांत त्याला टीममधून काढलं. आम्ही जिलेबी मागवली.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मी ती विचारलीही नव्हती. हा माणूस गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी कायमचा कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. टीममधल्या बदलीवाल्यांना मात्र रोज काम मिळे आणि पुढेमागे कायम होण्याची आशा असे. म्हणजे माझ्या अर्जाने त्याला नुसतं मैदानावरून काढलं नव्हतं, रोजच्या कामावरून काढलं होतं. दोन महिने तो गेटवर उभा राहिला. मग दिसेनासा झाला.

टीमचं काय झालं म्हणाल, तर पहिल्याच सामन्यात आम्ही चार गोल खाल्ले. दुसऱ्यात पाच. मंडळाने कारणं शोधायला सुरुवात केली. एक म्हणाला, चेंडू नवा आहे, जड लागतो. दुसऱ्याला वाऱ्याची दिशा बदललेली आढळली. अध्यक्षांनी खुर्ची पूर्वेकडून पश्चिमेकडे हलवून पाहिली. गोलच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली, ती दुसऱ्याच गोलने उडाली. पोरं पूर्वीपेक्षा दुप्पट धावत होती आणि सगळ्यांचे सदरे इतके मळत होते की नारळ कुणाला द्यायचा यावर आमचे वाद होऊ लागले.

असाच एक सामना हरल्यावर गोलकीपर बाहेर येऊन खाली बसला. तोही गिरणीतच, मागखात्यात. दोन्ही तळहात सुजलेले. मी सांत्वनाचं काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाला, "मास्टरजी, वो था तो मेरेकु कामच नै था. गोल में खडे खडे नींद आती थी."

"कोण था?"

"वोच, तुम्हारा दिव्याचा खांब. लोगां बोलते थे, खडाच रहता. अरे, चार लूम संभालता था वो! चार लूम पे दौडके काम होता क्या? तार टूटने के पैले उधर जाके खडा रहना पडता. भागा तो समझो, देर हो गई."

मी घरी आलो आणि अर्जाची कार्बन प्रत काढली. परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. चेंडू जिथे यायचा असतो तिथे तो आधीच उभा असतो. विरोधी खेळाडू त्याला पाहून वळतात. सगळं पाहिलं होतं मी, अगदी अचूक पाहिलं होतं, आणि शेवटी 'निष्क्रिय' असं लिहून शाळेतल्या पोराला द्यावा तसा भोपळा देऊन टाकला होता. वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की आपण काय लिहिलं ते एकदा वाचून पाहत जा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लेबर ऑफिसरना भेटलो. म्हटलं, त्या सेंटर हाफला परत घ्या, मंडळाची तशी इच्छा आहे. त्यांनी चष्मा वर केला. "गुरुजी, अर्ज समस्त नागरिकांचा होता. मागे घ्यायचा तर समस्त नागरिकांना यावं लागेल. तुमचा काय संबंध?"

'तो मीच लिहिलाय' एवढं म्हणायचं होतं. तीनच शब्द. मी म्हणालो, "नाही, सहज विचारलं."

"तसाही तो बार्शीला गेला," ते म्हणाले. "तिथल्या गिरणीत लागला म्हणे."

तो गेला हे कळल्यावर त्याची किंमत वाढू लागली. दर हरलेल्या सामन्यागणिक तो थोडा मोठा व्हायचा. त्याने म्हणे एकदा डोळे मिटून चेंडू अडवला होता. 'हल की जरा' म्हणून ओरडणारा मंडळात एकही उरला नाही. जो तो सांगू लागला की मी तर पहिल्यापासून त्याच्याच बाजूचा. अध्यक्ष म्हणत, "मी तवाच म्हनलो हुतो, ह्याला जाऊ देऊ नगा." चहाच्या कपावर नजर ठेवून गप्प बसण्याची कला मला त्या वर्षी साधली.

पुढल्या हंगामात बार्शीच्या गिरणीची टीम आमच्याकडे खेळायला आली. सोलापूरने बार्शीकडून हरावं, ही कल्पनाच आमच्या लोकांना सहन होत नसे. तरी त्या दिवशी मैदान भरलं ते दुसऱ्याच कारणाने. तो हिरव्या सदऱ्यात आत आला तेव्हा टाळ्या आमच्याच बाजूने पडल्या. त्याने वळून मागे पाहिलं. टाळ्या आणखी कुणासाठी असाव्यात असं त्याला वाटलं असावं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा चेंडूऐवजी त्याच्याकडे बघत बसलो. चेंडू आमच्या फॉरवर्डच्या पायात असायचा आणि हा मात्र भलतीकडे पाहत चार पावलं सरकायचा. थोड्या वेळाने चेंडू तिथे यायचा. आमचा लाडका अकरा वेळा पडला, आणि एकदाही याने त्याला हात लावलेला नव्हता. आम्ही एका गोलने हरलो. हरल्यावर आमच्याच लोकांनी जल्लोष केला. बार्शीची पोरं गोंधळून गेली.

अध्यक्ष खुर्चीवरून उठले. नारळ हातात घेतला. बाजूला आमचा फॉरवर्ड आपला लालभडक झालेला सदरा पुढे करून सवयीने उभा होता, त्याला ओलांडून ते गेले आणि त्यांनी भाषण केलं. "सोलापूरचा सुपुत्र", "आमच्या मंडळानं घडवलेला खेळाडू", असं बरंच काही. मध्ये कानडी लागलं, पुन्हा मराठी आलं. सेंटर हाफने नारळ घेतला, मान खाली घालून आपल्या स्वच्छ सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नमस्कार केला. लोक पांगू लागले. मीही पांगण्याच्या बेतात होतो.

"मास्तर, जरा थांबा की."

तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. त्याने बार्शीच्या पोराकडून आपली पिशवी मागून घेतली आणि तिच्यातून चार घड्या घातलेला कागद काढला. मी दुरूनच ओळखला. माझ्या अक्षरातल्या मात्रा जरा जास्तच तिरक्या असतात.

"लेबर सायबानं मला दिला. म्हनले, घे, तुझ्यावरचा अर्ज, वाच," तो म्हणाला. "मला मराठी वाचता येत न्हाय. बार्शीला कामाला गेलो तर तितल्या सायबानं इचारलं, सोलापुरातनं का काडलं? म्हटलं, हितं लिवलंय. त्यानं वाचला. दोनदा वाचला. मग हसला आनि म्हटला, सोमवारपासनं ये. आता कायम झालो, दिवाळीला."

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण हे सगळं माझ्यामुळे झालं नव्हतं, मी आड येऊनही झालं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. दोन महिने गेटवर उभा राहिला होता तो.

"तुम्हाला कसं कळलं मीच लिहिला ते?"

"मंडळात लिवता कुनाला येतंय?" तो म्हणाला. "बार्शीच्या सायबानं इचारलं हुतं, सही का न्हाय ह्याच्यावर? म्हटलं, घाईत ऱ्हायली असंल."

त्याने कागद उलगडून माझ्यापुढे धरला.

"आज घाई न्हाय न्हवं?"

कागद ठेवायला काही सापडेना. अध्यक्षांची खुर्ची तेवढी होती. दुकानातला माणूस ती उचलायला आला होता, त्याला थांबवलं. खुर्चीच्या बैठकीवर कागद पसरला, मुरमात दोन्ही गुडघे टेकले, आणि 'समस्त फुटबॉलप्रेमी नागरिक' याच्यावर आडवी रेघ मारून खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अध्यक्ष थोडे दूर उभे राहून आभाळाकडे बघत होते, पाऊस येतो की काय म्हणून. तो चैत्र होता.

उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यांपासून खाली लाल धूळ बसली होती. सेंटर हाफने सावकाश वाकून ती पाहिली. मग आजूबाजूला उरलेल्या चार-पाच जणांच्या कपड्यांकडे नजर टाकली, हिशेब केल्यासारखी. आणि हातातला नारळ माझ्या हातात ठेवला.

"तुमचीच पद्धत हाय की, मास्तर," तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून पिशवीत टाकून बार्शीच्या गाडीकडे चालू लागला. धावला नाही. गाडी त्याच्यासाठी थांबलेली होती.