आत्याने मिळवून दिलेली पाच वर्षं

माझी आत्या धडधडीत खोटं बोलली, म्हणून मी आज एमबीए आहे.

तिला जाऊन आज एक वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही. ज्यांना राग येईल त्यांनी मला खुशाल अनफ्रेंड करावं.

आत्या सिन्नरला राहायची. स्कूटीवर फिरून विम्याच्या पॉलिसी विकायची. समोरच्याने "नको" म्हटलं की ती आणखी ऐसपैस बसायची.

बारावीनंतर मला फायनान्शियल प्लॅनिंग शिकायचं होतं. लोकांचा विमा, मुलांचं शिक्षण, घर, म्हातारपण, सगळ्याची नीट आखणी करून द्यायची. नाशिकच्या एका कॉलेजात पाच वर्षांचा कोर्स होता. आधी त्यातली पदवी आणि तिलाच जोडून एमबीए.

मधे सीईटी नाही, पुन्हा ॲडमिशनची पळापळ नाही. एमबीएचे पहिले पेपर तिसऱ्या वर्षातच सुरू.

आमच्या सिडकोच्या घरात सगळे हसले.

"घरखर्च कसा सांभाळायचा हे शिकायला पाच वर्षं?" काका म्हणाले. "साधं तीन वर्षांचं बीकॉम कर की."

आत्या मला किचनमध्ये घेऊन गेली. "तीन वर्षांचं अजिबात घेऊ नको. तीन वर्षं झाली की सुट्टी लागते, अन् पोरींची लग्नं सुट्टीतच ठरतात. माझं तर एफवायच्या सुट्टीतच ठरलं."

मग हॉलमध्ये येऊन सगळ्यांना ऐकवलं, "घालायचं तर पाच वर्षांच्यालाच घाला. पण एक लक्षात ठेवा. हे मधेच सोडलं तर हातात काहीच येत नाय. बारावी पास ती बारावी पासच."

माझी ॲडमिशन झाली.

पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलं, तीन वर्षांनी बाहेर पडायचं असेल तर पडता येतं. पदवी मिळते.

मी घाबरून आत्याला फोन केला.

"तुला घरात कुणी विचारलं का?"

"नाही."

"मग गप अभ्यास कर."

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि सुट्टी लागली.

आणि स्थळ आलं. तेही कुठून, तर आत्याच्याच सासरहून. तिच्या नणंदेचा मुलगा. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण मला एमबीए करायचं होतं.

"तीन वर्षं झाली ना आता?" नणंदबाई म्हणाल्या. "पदवी झाली. दिवाळीनंतर उरकून टाकू."

घरात सगळे माझ्या बाबांकडे बघायला लागले. बाबा चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

आत्या म्हणाली, "कसली पदवी, ताई? पाचवं वर्ष झाल्याबिगर तिला कागदसुद्धा मिळत नाय."

"मग लग्नानंतर करील पूर्ण."

"सिन्नरहून रोज नाशिकला? अन् तुमचा सकाळचा चहा कोण करील? तुम्हाला तर लय लवकर लागतो."

इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलली की मलाच क्षणभर खरं वाटलं.

नणंदबाई थांबायला तयार नव्हत्या. स्थळ मोडलं. भाचीचं घोडं पुढे दामटलं म्हणून त्या आत्याशी बोलायच्या बंद झाल्या. दिवाळीला घरी येईनात. एकाच गल्लीत राहून बोलणं नाही, हे काय असतं ते सिन्नरवाल्यांना विचारा.

मी विषय काढला की आत्या म्हणायची, "बरं झालं. फराळ कमी करावा लागला."

पण दिवाळीच्या दिवशी ती दारात दोन-तीनदा जाऊन बघायची. आत्याच्या यजमानांनीच मला सांगितलं.

मी पाच वर्षं पूर्ण केली. पदवी आणि एमबीए, दोन्ही. पदवीत लोकांच्या पैशांची आखणी शिकले, एमबीएत धंदा कसा उभा करायचा ते. दोन्ही एकत्र झालं म्हणून इतक्या लवकर गंगापूर रोडला माझ्या नावाचा बोर्ड लागला. हे मी अभिमानाने सांगते.

आत्या तर तिच्या विम्याच्या लोकांना स्वतः घेऊन यायची. "मी नुसती पॉलिसी देते. माझी भाची सगळं आयुष्य बसवून देते. विचारा काय विचारायचं ते." आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून, मी कशी बोलते ते ऐकत बसायची. मला इतकं भारी कुणामुळेच कधी वाटलं नाही.

आज वर्षश्राद्धाहून परत येताना गाडीत मी बाबांना म्हटलं, "एक सांगायचंय. आत्या तेव्हा खोटं बोलली होती. तीन वर्षांनी थांबता येत होतं."

"माहितीये."

मी गाडी बाजूला घेतली.

"पहिल्या वर्षी पालकांची मीटिंग नव्हती का? सरांनी सगळं समजावून सांगितलं होतं."

"मग त्या दिवशी गप्प का बसलात?"

"मी नाही म्हटलं असतं तर भावानेच स्थळ नाकारलं, असं झालं असतं. अक्काला सासरी आणखी ऐकावं लागलं असतं. कोर्सच तसा आहे म्हटल्यावर कुणाचं नाव येणार नाही, असं वाटलं. आणि मलाही तुला शिकू द्यायचं होतं."

"आत्याला सांगितलंत कधी?"



"नाही गं. तिला वाटू दे म्हटलं, भावाला कसं गंडवलं. मग आजारपण आलं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं."

माझ्या बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आत्या, तुला शेवटपर्यंत वाटत होतं की त्या दिवशी तू एकटीच माझ्यासाठी उभी राहिलीस.

एकटी नव्हतीस गं. तुझा भाऊ सगळं माहीत असून तुझ्या शेजारी बसला होता.

त्याला सांगता आलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

तुझ्या भाचीचा आणि तुझ्या भावाचा तुला मनापासून नमस्कार.