खांद्याच्या मॅडम

आईला मी खांदा दुखतो असं सांगितलं होतं. खांद्याला काहीच झालं नव्हतं. नाशिक रोडच्या ऑफिसात दुपारच्या चहाला सगळे हसत असायचे आणि माझ्या डोळ्यांत मात्र उगाच पाणी यायचं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहायचो. बरेच महिने हे चाललं. घरी एकदा बायकोने मला रडताना पाहिलं आणि दोन दिवसांनी तिनेच इंदिरानगरमधल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. मी तयार झालो, पण आईला कळता कामा नये ही माझी अट होती. तिला सांगितलं, दर गुरुवारी खांदा दाखवायला एका मॅडमकडे जातो.

आई या वयातही पहाटे आमच्या जमिनीच्या तुकड्यावर जाऊन मेथी काढते, जुड्या बांधते आणि बाजारात बसते. तिने उन्हात राबून शिकवलेला मुलगा पंख्याखाली बसून रडतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पहिल्या भेटीला मी रिपोर्टांची फाईल घेऊन गेलो. शुगर, बीपी, छातीचा एक्स-रे, सगळं होतं त्यात. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या, "गरज वाटली तर तशा डॉक्टरांकडे पाठवीन. माझं शिक्षण, अनुभव, काय विचारायचं ते विचारा. नाही पटलं तर दुसऱ्या कोणाकडे जा, मला राग येणार नाही. आणि जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तुम्ही इथे येता हेसुद्धा मी तुमच्या घरच्यांना सांगणार नाही."

मी नुसती मान डोलावत होतो. विचारण्यासारखं बरंच होतं. हे किती दिवस चालेल, मध्येच त्रास वाढला तर काय करायचं, घरचं कोणी येऊन उभं राहिलं तर तुम्ही काय कराल. यातलं मी काहीएक विचारलं नाही. विचारलं काय, तर बाहेरच्या पाटीवरची अक्षरं जरा लहान करता येतील का. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच.

इकडे आईने माझा खांदा मनावर घेतला. रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून ती माझ्यामागे बसायची. उजवा सांगितला होता की डावा, हे मीच विसरायचो आणि ती ज्या बाजूला हात लावेल तिकडे "हां, तिथेच" म्हणायचो. मेथीने काळपट पडलेली तिची बोटं नसलेलं दुखणं शोधत राहायची. मला लाज वाटायची. पण बरंही वाटायचं, आणि बरं वाटतंय याची आणखी लाज वाटायची.

एका गुरुवारी तिने मेथीच्या ताज्या जुड्या माझ्या हातात दिल्या. "त्या मॅडमला दे. माझ्या पोराचा खांदा बघती ती, रिकाम्या हाती काय जातो?" बाईंनी जुड्या घेतल्या नाहीत. भेटवस्तू घेत नाही, कामाचा नियम आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. भाजी परत नेली असती तर आईने कारण विचारलं असतं, म्हणून मी ती खालच्या वॉचमनला दिली आणि घरी सांगितलं, मॅडमना फार आवडली.

तिथेच घोळ झाला. आई एवढी खूश झाली की पुढच्या सोमवारी बाजार आटोपून, मला न सांगता, राहिलेल्या जुड्या घेऊन स्वतःच तिकडे गेली. बागेसमोरची बिल्डिंग, पहिला मजला, हे मीच सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर तेलाची वाटी बाहेर आलेली नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती.

"ती बाई म्हणती, इथं कोण येतं ते मी सांगू शकत नाय. तुझं नाव सांगितलं, मोबाईलमधला फोटो दाखवला. नायच बोलली. भाजी बी घेतली नाय. मंग त्या दिवशी आवडली कोणाला?"

मी पायातले मोजे काढत राहिलो.

"तिथं मशीन नाय, पलंग नाय. बाहेर एक पोरगी रडत बसली होती. खांद्याच्या दवाखान्यात रडतंय कोण? खरं सांग, दर गुरुवारी जातो कुठं? दारूबिरू तर नाय ना रे?"

खरं सांगतो, त्या वेळी हो म्हणावंसं वाटलं. दारू म्हटलं असतं तर आईला समजलं असतं, गल्लीलाही समजलं असतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"तिथेच जातो, आई. त्या खांद्याच्या मॅडम नाहीत, मनाच्या आहेत. मला उगाच रडू येतं."

आई भिंतीपासून पुढे सरकली. "त्या पोरीवानी?"

"हो."

मी विचारलं, "भाजीचं काय केलंस?"

"त्या पोरीलाच दिली. जवळ बसले जरा, तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लय रडली."

"काय झालं होतं तिला?"

"मी कशाला विचारू?"

ज्या आईपासून मी इतके दिवस तोंड लपवत होतो, तिने एका अनोळखी मुलीला काही न विचारता खांदा दिला होता. मान वर करून तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

आई उठली, आत गेली आणि तेल कोमट करून घेऊन आली.

"आई, खांदा दुखत नाही गं."

"कळलं ते. बस खाली."

मी तिच्याकडे पाठ करून बसलो. कोणता खांदा, हे तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने डोळ्यांना पाणी आलं, पण नळ सोडायला मी उठलो नाही.