बिब्ब्याच्या फुल्या

नगरच्या आसरागृहात आले तेव्हा सुरुवातीला मी ज्याला त्याला "लई उपकार झाले" म्हणायची. पाणी दिलं, उपकार. चादर दिली, उपकार. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी वैतागल्या. "ए वऱ्हाडाच्या पोरी, भाकरी दिलीय तुला, किडनी न्हाई दिली. खा गप."

हसले मी, पण घास उतरत नव्हता. घरी आई जेवली असेल का, हेच डोक्यात.

माझं गाव इथून फार लांब, सातपुड्याच्या पायथ्याशी. आठवीत शाळा सुटली. पुढे एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाला मी नाही म्हणाले, तेव्हा थोरल्या भावानं तापलेल्या उलथण्यानं माझ्या दंडामागं डागलं. मी घर सोडलं. इतकं लिहितानाही हात अडतो, कारण याच भावानं मला खांद्यावर बसवून बाजार दाखवलेला आहे.

त्यानं अर्ज केला होता: बहीण रागाच्या भरात निघून गेली, घरात तिला कुणी बोटसुद्धा लावलं नाही, तिला आमच्या ताब्यात द्या. नगरच्या कोर्टात तारीख पडली. घरी परत जायचं नसेल आणि पोलिसांचं संरक्षण हवं असेल, तर डॉक्टरांचा अहवाल लागेल, अंगाचा आणि मनाचाही, असं मला सांगितलं.

डॉक्टर मॅडम राहुरीहून यायच्या. त्यांची एक पद्धत होती. मारहाणीचं आधी विचारायच्याच नाहीत. म्हणाल्या, "पहिल्यांदा साध्या खुणा दाखव. लहानपणी पडलीस, खरचटलं, लस टोचलेली. त्या बाजूला काढू. मग उरेल त्याचं बोलू."

मी गुडघा दाखवला. मग पोट दाखवलं. तान्ही असताना माझं पोट फार दुखायचं म्हणे. आईनं बिब्बा तापवून त्याच्या तेलानं पोटावर फुल्या काढल्या होत्या. आमच्याकडे काढतात. मग मॅडमनी दंड बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तेही बिब्ब्याचंच. बिब्बा उतला होता, फोड आले होते."

हे वाक्य माझं नव्हतं. भाऊ बाहेर गेल्यावर आईनं दंडाला खोबरेल लावता लावता शिकवलं होतं, "कोनी पुसलं तं बिब्बा उतला म्हन. माह्या लेकराले तुरुंगात नको धाडू." तिचा हात इतका हलका होता की मी हो म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझा दंड उजेडाकडे वळवला. मग म्हणाल्या, "पोटावरच्या फुल्या तुझ्याबरोबर मोठ्या झाल्यात, बघ कशा पसरून फिकट पडल्यात. दंडावरचे डाग वाढलेले नाहीत. ते अलीकडचे आहेत आणि त्यांना सरळ कड आहे. मी दिसतं ते लिहीन. पण कुणी केलं, ते तू सांगितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही."

"नाही सांगितलं तर?"

"तर भाऊ म्हणतो तेच कोर्टापुढे राहील."

तेवढ्यात आतून मावशींचं उलथणं तव्यावर वाजलं आणि मी खुर्चीतून अशी उठले की खुर्ची आडवी झाली. मॅडमनी ती उचलली. "हे रोज होतं?" मी होकारार्थी मान हलवली. रात्री झोप लागत नाही, तेही सांगितलं. मावशी दारातून डोकावल्या. "मॅडम, ही पोरगी भाकरी खाती, पन तव्याजवळ येत न्हाई. मला वाटलं, कामचुकार हाय." मग माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "मला काय म्हाईत गं, बाई."

मग मी सांगितलं. भावाचं नाव घेताना वाटत होतं, मीच त्याला डागतेय. सगळं झाल्यावर मी एकच मागणं केलं, "पोटाचं वेगळं लिहा. ते आईनं मायेनं केलंय."

"वेगळंच लिहिणार," मॅडम म्हणाल्या. "पोटावरच्या फुल्या घरगुती उपचाराच्या आहेत, छळाच्या नाहीत, असं. साधं ते साधं लिहिलं, की बाकीच्यावर विश्वास बसतो."

अहवालात ते तसंच आलं. झोप उडणं आलं, तवाही आला. कोर्टानं सांगितलं, मुलगी सज्ञान आहे, तिच्या मनाविरुद्ध तिला कुणी नेऊ नये, पोलिसांनी संरक्षण द्यावं. भाऊ माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याच्यावर पुढे काय कारवाई करायची ते ठरायचं होतं. आई मात्र बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मी सोबतच्या पोलीस बाईंना विचारून तिच्याजवळ गेले.

"पोटाचंही सांगतलं का तुनं?" तिनं विचारलं.

"हाव. तुझं वेगळं लिहिलं. तुझ्यावर काही नाही आलं."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं माझ्या दंडाकडे बघितलं. बाहीनं तो झाकलेला होता.

"वेगळं काहून? उलथनं तं त्यानं माह्या हातातून घेतलं. म्याच देल्लं."

मला ते माहीत होतं. त्यानं हात पुढे केला होता आणि तिनं तव्यावरचं उलथणं त्याच्या हातात ठेवलं होतं, रोज भाकरी वाढावी तसं. मॅडमना मी सगळं सांगितलं, फक्त हे नाही.

"जेवली का तू?" मी आईला विचारलं.

ती नाही म्हणाली. माझ्या पिशवीत मावशींनी बांधून दिलेली भाकरी होती. ती मी तिच्या हातात दिली आणि पोलीस बाईंच्या मागं चालू लागले.