महिला वॉर्डातल्या सिस्टर

कृष्णपुऱ्यात राहणाऱ्या नर्स मनोरमा लांभाते दर मंगळवारी जेलमध्ये जात. महिला वॉर्डातल्या गरोदर बायकांना तपासायचं काम बारा वर्षांपासून त्यांच्याकडे होतं. बदली मागा, असं मैत्रिणी सुचवत. पण त्यांना तिथे आवडायचं. सरकारी दवाखान्यातल्या गर्दीत एकेकीला जेमतेम तीन मिनिटं मिळत. इथे निवांत विचारपूस करता यायची.

मागच्या हिवाळ्यात हातोद गावची शिखा तिथे आली. खटला अजून चालू होता आणि सातवा महिना लागलेला. बाकीच्या बायका सिस्टर दिसल्या की तक्रारींचा पाढा वाचायच्या. ही मात्र "सब ठीक है दीदी" एवढंच म्हणे.

आठव्या महिन्यातल्या एका मंगळवारी ती अनवाणीच आली. पाय इतके सुजले होते की चपला चढत नव्हत्या. रक्तदाब एकशेसाठच्या वर. खोदखोदून विचारल्यावर कळलं, तीन दिवसांपासून डोकं ठणकत होतं.

तिला लगेच दवाखान्यात हलवायला हवं होतं, पण शिखा भिंतीशी बसली ती उठेचना. पोलिसांबरोबर जाताना गावातलं कुणीतरी बघणार आणि बाळाला जन्मभर तेच ऐकावं लागणार, ही तिची धास्ती.

मनोरमाताई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "मी येते ना तुझ्यासोबत. बाळाच्या दाखल्यावर दवाखान्याचं नाव लागेल, जेलचं नाही. पण शिखा, त्याआधी तुम्ही दोघं सुखरूप राहायला पाहिजे."

मग त्यांनी जेलरबाईंना गाठलं. सोबतच्या दोन महिला शिपाई साध्या कपड्यांत याव्यात, एवढीच त्यांची विनंती होती. नियमांवरून थोडी कुरकुर झाली, पण रक्तदाबाचा आकडा दोनदा ऐकल्यावर बाईंनी सही केली.

गाडीत शिखाने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. दवाखान्याच्या रांगेत त्या चौघी एकाच घरच्या वाटत होत्या. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

औषधांनी दाब आटोक्यात आला. तीन आठवड्यांनी मुलगी झाली, सव्वादोन किलोची. मायलेकी जेलच्या वॉर्डात परतल्या तेव्हा बायकांनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, आणि बाळाला पहिल्यांदा कुणी घ्यायचं यावरून त्यांची लुटुपुटीची भांडणंही झाली.

महिन्याभराने सिस्टरनी बाळ काट्यावर ठेवलं. तीन किलो भरलं. शिखा आपणहून बोलत होती: रात्री किती वेळा उठते, दूध कसं ओढते, नाक कुणासारखं आहे. मनोरमाताईंनी सगळं ऐकून घेतलं, कार्डावर वजन लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.