दार फुगलंय

मी मुळातच भित्री. तरी सोनपेठच्या त्या भाड्याच्या घरात मला इतकी वर्षं भीती वाटली नाही, याचंच आता भय वाटतं.

घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर. पावसाळ्यात गळायचं, म्हणून मालक दर उन्हाळ्यात ट्रॉलीभर पांढरी माती आणून छतावर पसरायचे, धुमसून घट्ट करून घ्यायचे. जुना थर कुणी काढायचं नाही, कारण त्याला वेगळी मजुरी पडते. स्लॅबचा विषय आम्ही नवरा-बायको चुकूनही काढत नव्हतो. स्लॅब पडला की भाडं वाढणार. आणि भाडं जुनंच, म्हणून मालकही हात सैल सोडत नव्हते. दोन्हीकडून गोडीगुलाबीत चाललं होतं.

मग आतल्या खोलीचं दार घट्ट होऊ लागलं. मालक म्हणाले, "दार फुगलंय बाई. रंधा मारून देतो." सुतार आला, दाराची वरची कड तासून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शाळेतून दमून आलं की दाराला खांदा लावायचा आणि त्याच्या नावानं बोटं मोडायची, एवढंच मला सुचायचं.

त्या वैशाखात नवी माती नुकतीच पडली होती. भर दुपारी मुलगी कपडे बदलायला आत गेली आणि लावलेलं दार उघडेना. "आई, ढकल ना!" मी ढकललं. चौकटीवरून माती भुरभुरत माझ्या हातावर पडली. वैशाखात लाकूड आक्रसतं, फुगेल कसं? दार होतं तेवढंच होतं, छत खाली आलं होतं.

हे लाथ मारायला मागे सरले. मी त्यांना कमरेला धरून ओढलं. "धक्का लावू नका! छत दारावरच टेकलंय!"

खिडकीला गज. आत पोर रडत होती. ह्यांनी पहारीनं दाराची खालची फळी हळूहळू उचकटली. त्या फटीतून ती सरपटत बाहेर आली, केस मातीनं पांढरे झालेले. तिला रस्त्यावर नेलं आणि मी तिथंच बसकण मारली.

मालक धावत आले. फळीकडं बघून म्हणाले, "आता नवं दारच बसवावं लागतंय."

आम्ही घर सोडलं. छतावरची माती उतरवा, असं त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गल्लीतून जाताना घरापुढं पांढऱ्या मातीचा ढीग दिसला. आतून लेकरांचा गलका येत होता. मी रस्त्याच्या दाराशी जाऊन हाक मारली.

"या की ताई," आतून बाईचा आवाज आला. "दार जरा फुगलंय, जोरानं ढकला."

पुढं केलेला हात मी मागे घेतला.

"मी न्हाई ढकलत," मी ओरडले. "तुमीच मागच्या दारानं लेकरं घेऊन बाहेर या. आत्ताच या."