विमानाच्या पायाशी

विमानांवर पोटच्या पोरासारखी माया करणारा आणि विमानात बसायचं नाव काढलं की अंगात कणकण येणारा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर. लखनौच्या तेलीबागेतल्या या घरात मी खाली, भाऊ आणि वहिनी वर, नातं फक्त शेजाराचं. मी नागपूरची, इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. ते सातारा जिल्ह्यातले, उमेदीची वर्षं हवाई दलात काढून आता अमौसीच्या विमानतळावर एका कंपनीत विमानांची देखभाल करणारे. देखभाल म्हणजे अख्ख्या विमानाची नव्हे हं! भाऊंचं राज्य फक्त चाकांच्या वरच्या अंगाला. विमान उडालं की चाक पोटात ओढून घेणारा आणि उतरताना बाहेर ढकलणारा एक जाडजूड पोलादी दंडा असतो, त्याला ते ॲक्चुएटर म्हणतात. तो पुसायचा, कुठे तेल पाझरतंय का ते बघायचं, त्याच्या सांध्यांत ग्रीस भरायचं, मग विमान जॅकवर चढवून चाकं आत-बाहेर करून पाहायची. काम एवढंच. पण एवढ्या कामावर भाऊंनी जगाबद्दलची सगळी मतं उभी केली आहेत आणि ती आम्हाला जिन्यात उभं राहून ऐकावी लागतात.

अमौसीला उतरणारी कितीतरी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. विमानाचा आवाज आला की भाऊंचं बोलणं वाक्याच्या मध्ये थांबतं, घास हातात राहतो, मान वर जाते. चाकं बाहेर आलेली दिसली की "हां, आली," म्हणायचं आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे. नव्या माणसाला वाटतं यांना काही झटका आला. एकदा त्यांच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजी संकल्प सांगत होते, भाऊ सोवळं नेसून पाटावर, हातात पळी. तेवढ्यात वर घरघर झाली. भाऊ पळीसकट उठले आणि गच्चीच्या दाराशी. गुरुजी म्हणाले, "अहो यजमान, संकल्प सोडायचाय!" भाऊ तिकडूनच ओरडले, "सोडतो हो, पण आधी त्याला चाकं तर सोडू द्या!" परत येऊन त्यांनी पाणी सोडलं तेव्हा चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की गुरुजींना वाटलं भक्ती आहे.

आणि हा माणूस स्वतः मात्र रेल्वेनं फिरणार! नोकरीत हुकूम होता तेव्हा बसले असतील विमानात, पण तिकीट काढून कधी नाही. मी एकदा तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमच्याच कामावर तुमचा विश्वास नाही का हो?" ते जरासुद्धा चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, खाली असलं की हात पोचतो. वर बसलं की नुसतं ऐकायचं. हात कुठे घालणार?" वहिनींना या उत्तराचं काडीचं कौतुक नाही, आणि त्याला कारण आहे. त्यांची एकुलती एक लेक पुण्यात असते. मागे तिला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात अचानक त्रास सुरू झाला. भाऊंनी रेल्वेचं आरक्षण मिळवलं, गाडी रखडत रखडत गेली, आणि हे दोघं पोचेपर्यंत सगळं आटोपून पोरगी रिकाम्या हातानं घरी आली होती. जावई सोन्यासारखा, पण आई ती आई. वहिनी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. आता पुष्कळ वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बजावलं, "या खेपेला मी तिच्या उशाशी असणार म्हणजे असणार. हे आले तर यांच्यासकट, नाही तर यांच्याशिवाय." भाऊ म्हणाले, "अगं, महिनाभर आधीची तिकिटं काढलीत. आरामात जाऊ."

तोवर बाळंतविड्याची तयारी सुरू झाली. बाळाला इथल्या चिकन भरतकामाचं झबलं हवं म्हणून आम्ही तिघं चौक बाजारात गेलो. लखनौच्या दुकानदाराचं काय सांगावं, "आइए आपा, तशरीफ़ रखिए, मौसम बड़ा ज़ालिम है," असं म्हणत त्यानं गादीवर बसवलं, चहा मागवला, पांढऱ्याशुभ्र कापडाचा ढीग उलगडला. भाऊ काही आत आलेच नाहीत. दुकानाचं शटर वर करताना किंचाळलं होतं आणि भाऊंचा जीव तिथेच अडकला. बघते तर काय, हा गृहस्थ स्टुलावर उभा राहून रुमालानं शटरची खाच पुसतोय! दुकानदार बिचारा हात जोडून, "हुज़ूर, क्यों तकलीफ़ करते हैं, ये तो हमारे वालिद के ज़माने से चिल्लाता है." भाऊ खाच पुसत म्हणाले, "यही तो बात है. वालिद के ज़माने का ग्रीस अंदर बैठा है. पहले वो निकलेगा." बापाच्या जमान्यातलं ग्रीस आधी बाहेर, हा त्यांचा पहिला नियम. नवं ग्रीस भरत राहायचं, सांध्यातून जुनं काळं बाहेर पडू द्यायचं, स्वच्छ दिसायला लागलं की थांबायचं आणि वरचं पुसून काढायचं, कारण उगाच लिंपून ठेवलेलं ग्रीस धूळ धरतं. झबलं आम्ही दोघींनीच पसंत केलं. दुकानदारानं निघताना भाऊंना अत्तराचा फाया दिला, तो त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "पातळ आहे."

दुसरा नियम, दोन जातींची ग्रीस कधी एकत्र करायची नाहीत. एकेकटी गुणी असली तरी एकत्र आली की पातळ पाणी होतात आणि सांधा कोरडा पडतो. हा नियम ते लोणच्याच्या बरणीपासून भाषेपर्यंत सगळीकडे लावतात. आमच्या गल्लीतली मराठी पोरं तुम्ही काहीही विचारा, हिंदीतच उत्तर देणार, आणि आम्ही मोठेही "अच्छा, मग सब्जी आणली का?" असं बोलणारे. भाऊंना हे सहन होत नाही. वाक्य एक तर अख्खं मराठी, नाही तर अख्खं हिंदी. भाजीवाल्याला "भैया, लौकी ताज़ी है?" विचारतील आणि मान वळवून वहिनींना "दुधी कोवळा आहे गं" सांगतील. मी म्हटलं, "आणि ॲक्चुएटर कुठल्या जातीचा हो?" तर म्हणतात कसे, "तो कंपनीतून तसाच येतो. त्याला हात लावायची परवानगी नाही."

पण कहर केला तो मागच्या गणपतीत. इथल्या मराठी मंडळींचा गणपती विसर्जनाला हातगाडीवरून निघतो. दरवर्षी गाडी कुरकुरते, ढकलणाऱ्यांचा घाम निघतो. भाऊंनी स्वतःहून जबाबदारी घेतली. आदल्या दिवशी चाकं काढली, जुनं सगळं धुऊन पुसून नवं ग्रीस भरलं. मिरवणूक निघाली तेव्हा गाडी अशी चालली की नुसतं बोट लावावं! सगळे भाऊंचं कौतुक करत होते. मग नदीकडे जाणारा उतार लागला. ढकलणाऱ्यांनी सवयीनं जोर लावला, आणि बाप्पा निघाले. आरतीचं तबक धरलेले काका एका बाजूला, ढोलवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये बाप्पा एकटे, डौलात, वेग वाढवत. "मोरया" म्हणायचं सोडून मंडळी "पकडो, पकडो" करत धावली. देवाचीच कृपा, पुढे वाळूचा ढीग होता, गाडी त्यात रुतली आणि मूर्ती जागची हललीसुद्धा नाही. अध्यक्ष धापा टाकत भाऊंवर कडाडले, "अहो, असं कसं केलंत?" भाऊ शांतपणे म्हणाले, "चाकं बघा की किती छान फिरली. ब्रेक माझ्याकडे नसतात. त्याची माणसं वेगळी." त्या दिवशी हसून हसून माझी पुरेवाट झाली.

तर असा हा माणूस. रेल्वेची तिकिटं पाकिटात घालून निर्धास्त होता, आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. लेकीचा रक्तदाब वाढला होता, डॉक्टर थांबायला तयार नव्हते, दुसऱ्या दिवशी दुपारी सिझेरियन करायचं ठरलं. वहिनींनी फोन ठेवला आणि त्या माझ्याकडे खाली आल्या, पायांत चपलासुद्धा नाहीत. "ताई, सकाळचं विमान आहे. जावईबापू तिकिटं काढतायत. पण मला एकटीला जमायचं नाही हो. इतकी वर्षं या माणसानं काय काय बिघडू शकतं ते ऐकवून ठेवलंय. आणि हे दारातून परत फिरले तर?" मी म्हटलं, "फिरू देत. मी येते. माझ्यामागे कोण रडतंय? माझंही तिकीट काढायला सांगा." वर गेलो तर भाऊ गच्चीत उभे. मी तयारीनं गेले होते, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. पण त्यांनी मागं न बघताच विचारलं, "किती वाजता निघायचं?"

विमानतळावर सगळे त्यांच्या ओळखीचे. "अरे दादा, आज ऊपर?" असं जो तो विचारत होता आणि भाऊ लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे लाजत होते. विमानाच्या दाराशी आल्यावर ते वाकून खाली चाकाकडे बघत राहिले, मागे रांग तुंबली. हवाईसुंदरी म्हणाली, "सर, प्लीज़ अंदर आइए." "बस, एक नज़र," असं म्हणून त्यांनी आणखी बघून घेतलं. विमान उडालं, खाली धप्प झालं. वहिनींनी डोळे गच्च मिटून माझा हात धरला. भाऊ म्हणाले, "घाबरू नको, आत गेली." पुढे सगळ्या प्रवासात ते समोर आलेल्या चहाला शिवले नाहीत. मान किंचित तिरपी, दारात कोणाची तरी वाट बघत बसावं तशी. पुणं जवळ आलं. पायांखाली सरकल्यासारखा आवाज झाला. "डावं," भाऊ पुटपुटले. मग "उजवं." मग काहीच नाही. भाऊंचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यांचा बघून माझाही, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात पुढून, विमानाच्या नाकाखालच्या चाकाचा, बारीकसा खट्ट झाला. भाऊंनी श्वास सोडला, सीटच्या हातावर हळूच थोपटलं आणि म्हणाले, "कुणीतरी मन लावून पुसलंय हो. कोण असेल?" वहिनींनी डोळे उघडले. "असेल तुमच्यासारखाच एखादा खुळा," त्या म्हणाल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसल्या.

आम्ही वेळेत पोचलो. लेकीला आत न्यायच्या आधी वहिनी तिच्या उशाशी होत्या, तिच्या केसांतून हात फिरवत. "आई, तू आलीस? कशी आलीस?" "बाबांनी आणलं. विमानानं." "बाबा? विमानात?" पोरगी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या खदखदून हसली आणि मग आईचा हात गालाशी धरून रडली. दुपारी मुलगी झाली, गोरीपान, आवाज असा की मजला दणाणला. बाळ-बाळंतीण सुखरूप. जावई पेढे आणायला धावला, वहिनी नातीला घेऊन बसल्या त्या कुणाला हात लावू देईनात. त्या गडबडीत भाऊ कुठे दिसेनात, म्हणून मी पेढा घेऊन शोधायला गेले.

ते खालच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी म्हटलं, "आजोबा, असे कोपऱ्यात काय बसलात? चला की, नात बघा, तुमच्यासारखंच नाक आहे बिचारीचं." ते हसले. पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. समोर रस्त्यावरून रिक्षा जात होत्या तिकडे बघत ते म्हणाले, "सकाळी निघालो आणि जेवायच्या आत पोचलो, नाही का ताई?"

"मग! विमान आहे ते."

"मागच्या वेळीही होतं हो," भाऊ म्हणाले. "हेच, सकाळचं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले, आणि वरून वहिनींची हाक येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.