बोटांनीच वाजवायचं

"ताई, तुमचा बेस ऐकायलाच येत नाय," आमचा कीबोर्डवाला म्हणाला आणि त्याने गाणं मध्येच थांबवलं.

बोईसरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक रिकामा गाळा आहे. आम्ही चौघं तिथे रविवारी सराव करतो. कार्यक्रम बहुतेक हळदीचे, लग्नांचे, एखाद्या साखरपुड्याचे. मी बेस गिटार वाजवते. चार जाड तारा, खालचा सूर. तो चालू असतो तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही, थांबला की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं. कीबोर्डवाला तारापूरकडच्या कोळीवाड्यातला. कार्यक्रम तोच आणतो, गाणीही तोच ठरवतो. त्या दिवशी त्याने खिशातून तारा छेडायचं प्लास्टिकचं एक तिकोनी पिक काढून माझ्यापुढे धरलं.

"याने वाजवा. मोकळ्या मैदानात बोटांचा आवाज पोचत नाय."

"मी पिकने वाजवत नाही," मी म्हणाले.

हे मी अशा थाटात म्हणायचे, जणू मी कांदालसूण खात नाही. त्याला कारण होतं. माझे बाबा अणुऊर्जा प्रकल्पात होते, त्यामुळे मी वसाहतीतच वाढले. आमच्या समोरच्या इमारतीत बाबांच्या ओळखीचे एक काका राहायचे, तेही प्रकल्पातलेच. त्यांच्याकडे बेस होता. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे शिकले. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तारेवर चालवायचं, एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा जड होऊ द्यायचा नाही, एवढ्यावरच त्यांनी मला कित्येक महिने घासलं. पिकबद्दल त्यांचं एकच म्हणणं. "ज्याचा हात तयार नाही, त्याला ते लागतं." हे ऐकतच मी शिकले आणि पुढे बाकीच्या बेसवाल्यांकडे मी याच नजरेने पाहू लागले.

मग माझीच बोटं फुटली.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. दिवसभर हातात रबरी मोजे. आधी बोटांची टोकं कोरडी पडली, मग सालपटं निघाली, मग तर्जनीला उभी चीर गेली. भाजीला मीठ टाकतानासुद्धा झोंबायचं. पालघरच्या त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, "रबराची अ‍ॅलर्जी आहे. आतून सुती मोजे घाला. आणि ते गिटार सध्या बंद."

हात सुरक्षित राहावेत म्हणून जे घालत होते, त्यानेच हात गेले होते. चिडायचं तरी कोणावर?

कीबोर्डवाल्याला फोन केला. वाटलं, दुसरा कोणी बघू म्हणेल. पण तो खूशच झाला. "मंग आता पिक घ्या ना. पिकला कुठं कातडी लागते?" तारापूरच्या बाजूला एका हळदीची सुपारी त्याने आधीच घेतली होती. नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही.

घरी सराव सुरू केला. इतक्या वर्षांचा हात, आणि मला साधी चाल धड वाजेना. पिक चिमटीत फिरायचं. एका तारेवरून दुसरीवर जाताना मधल्या तारेला अडकायचं. खाली मारलेला फटका दणकट, वर येताना मारलेला लुळा. बोटांनी वाजवताना तार हाताला कळते, किती ओढली, कधी सुटली. पिकने म्हणजे मोजे घालून कणीक मळल्यासारखं, आणि मोज्यांचा मला आधीच वीट आलेला. वर पिकची ती टिकटिक. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजारी खिळे ठोकतायत का गं?"

"मीच आहे."

"तू? पूर्वी बरं वाजवायचीस की."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात माणूस मावत नव्हता. पुरुषभर उंचीचे स्पीकर, मैदानभर पिवळ्या साड्या, नवरीच्या मावश्या आम्ही तारा जुळवतोय तोवरच नाचायला लागलेल्या. पहिली गाणी मी पिकने काढली. आणि सांगायला नको वाटतं, पण आवाज पोचत होता. प्रत्येक ठोका मैदानाच्या पार कडेपर्यंत स्वच्छ जात होता. कीबोर्डवाला वळून माझ्याकडे बघत मान डोलवत होता. ती मान बघून माझा आणखीच जळफळाट झाला.

शेवटाकडे घामाने पिक निसटलं आणि स्टेजच्या फळ्यांच्या फटीत गेलं. गाणं चालू होतं. मी थेट बोटं लावली. दुसऱ्याच कडव्याला चीर उघडली. तार ओली लागायला लागली तरी थांबले नाही, उरलेली गाणी तशीच वाजवली. खरं सांगते, मला वाटत होतं की निदान आता त्याला फरक कळेल. इतकं गोल, भरलेलं मी बऱ्याच दिवसांत वाजवलं नव्हतं.

खाली उतरल्यावर तो पाण्याची बाटली घेऊन आला. "मस्त झाला कार्यक्रम, ताई. फक्त शेवटी तुमचा आवाज परत गेला. वायर सैल झालेली काय?"

मी बोट ओढणीत गुंडाळलं आणि म्हणाले, "असेल."

पुढच्या सुट्टीला मी काकांकडे गेले. निवृत्तीनंतर त्यांनी पालघरला, कोळगावच्या रस्त्याला फ्लॅट घेतला आहे. मला कोणीतरी माझ्या बाजूने बोलायला हवं होतं. बोट दाखवलं, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "काका, तुम्ही म्हणायचात तेच खरं. पिक म्हणजे हात तयार नसलेल्यांचं काम."

ते चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "अगं, मी आधी पिकनेच वाजवायचो."

"कधी?"

"लग्नाआधी. वसाहतीत आलो तेव्हाही. पण शेजारच्यांना रात्रपाळी असायची, दिवसा झोपायचे बिचारे. पिकची टिकटिक भिंतीतून जायची. दोनदा येऊन सांगून गेले. मग बोटांवर आलो."

"आणि मला ते हात तयार नसण्याचं का सांगत होतात?"

"तोवर मलाही तसंच वाटायला लागलं होतं," ते म्हणाले. अगदी सहज, बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवत.

मी बिस्किट घेतलं नाही. येताना रिक्षात बसून मी त्या झोपाळू शेजाऱ्यांवर चिडत होते, काकांवर चिडत होते. सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण एका पातळ भिंतीपायी झालेली तडजोड मी तत्त्व म्हणून मिरवली होती.

सुती मोज्यांनी बोट भरून आलं. तरी आता मी पिक नीट शिकते आहे. रोज थोडं, दार लावून. मनगट दुखतं. वर येणारा फटका अजून लुळाच आहे. आणि बोटांचा सराव कमी झाल्यामुळे तिथलीही सफाई गेली आहे. दोन्हीकडून अर्धी झाल्यासारखं वाटतं.

परवा वाणगावला एका लग्नात साऊंडवाला पोरगेला माणूस नवा होता. आवाजाची तपासणी चालू असताना तो स्टेजपाशी येऊन म्हणाला, "मॅडम, पिक मत लगाओ. बहुत खटखट आ रहा है. उँगली से बजाओ ना, अच्छा लगता है."

कीबोर्डवाला खाली बघून वायर गुंडाळत राहिला. मी पिक चिमटीत घट्ट धरलं आणि त्या दिवशीची सगळी गाणी पिकनेच वाजवली.